चार बोटे पुढची माशी

पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी जो उभा लोखंडी तुकडा असतो, त्याला आम्ही माशी म्हणतो. नेम धरताना नजर माशीवर ठेवायची. पलीकडचे सगळे धूसर राहिले तरी चालते. माशी धूसर होता कामा नये. माझी माशी मात्र वर्षभरात विरघळत गेली. वाचायचा चष्मा लावला तर मनगटावरचे घड्याळ लख्ख. लांबचा लावला तर समोरचा निशाणाचा कागद कोरीव. मधली माशी दोन्हीकडून धुराचीच.

रेंजची प्रमुख माझी सून. घरात मला विचारल्यावाचून ती पडदाही बदलत नाही. रेंजवर तिचा शब्द मी मोडत नाही. हा शिरस्ता मीच पाडलेला आहे.

"आई, शनिवारी चाचणी," ती म्हणाली. "जमलं तर संघातली जागा तुमची. नाही जमलं तर संध्याकाळी दुसरं नाव कळवणार. मग रुसायचं नाही."

"रुसायला मी काय नवी नवरी आहे?"

चष्मेवाल्याने हात ताणायला लावून डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर मोजले. "आजी, हे खास भिंग आहे, आठवडा लागेल."

"आजी तुमच्या घरी. इथे बाई म्हणा."

आठवडा माझ्यापाशी नव्हता. म्हणून मी ह्यांची पेटी उघडली. हे जाऊन तिसरे वर्ष. पिस्तूल आम्ही तेव्हाच जमा केले होते; नेमबाजीची चौकट तेवढी राहिली होती, एका डोळ्यापुढे भिंग आणि दुसऱ्यापुढे पडदी असलेली. म्हातारपणी आमचा नंबर एकच झाला होता, तेव्हा भिंग चालेल असे मी धरून चालले. ह्यांचा हात माझ्याहून चार बोटे लांब होता, हे मला पाठ असूनही त्या घाईत सुचले नाही.

शनिवारी हात उचलला. माझी माशी धूसरच होती. तिच्यापुढे चार बोटांवर, रिकाम्या हवेत, दुसरी माशी उभी होती. काळीभोर, कडा सुरीसारख्या. हे दर वेळी मेणबत्तीची काजळी धरून माशी काळी करीत. तो मेणाचा वास मला आला. रेंजवर मेणबत्ती नव्हती.

ती माशी श्वासाबरोबर किंचित वर गेली, खाली आली आणि थांबली. नको तितकी थांबली. "किती वेळ धरून ठेवता," असे मी आयुष्यभर ह्यांना टोचत आले. तिच्याबरोबर मीही थांबले आणि घोडा ओढला. मग पुन्हा. आणि पुन्हा.

सुनेने कागद आणला. तिला पिस्तूल धरायला ह्यांनीच शिकवले होते.

"आई, तुमच्या गोळ्या वर चढतात. या सगळ्या डावीकडे, जरा खाली, एकमेकींना खेटून." तिने भोकांच्या झुबक्यावरून बोट फिरवले. "हा बाबांचा हात आहे."

"गुण किती?"

"जागा तुमची, असे गुण आहेत."

मी चौकट उतरवली. गेल्यापासून हे एवढे जवळ कधी आले नव्हते, आणि घरी गेल्यावर घर किती रिकामे वाटणार होते हे मला ठाऊक होते. तरीही म्हणाले, "कागद फाड. दुसरं नाव दे."

"आई, कोणाला कळणार आहे?"

"मला. ह्यांच्या नावाने मी संसार केला, ते पुरे. रेंजवर कधी ह्यांच्या नावाने उभी राहिले नाही."

तिने कागद फाडला. डोळे पुसायला मात्र माझ्याकडे पाठ केली. प्रमुखाने सर्वांदेखत रडायचे नसते, हाही शिरस्ता माझाच.

सोमवारी माझे भिंग आले. संघ स्पर्धेला गेला होता, रेंज मोकळी होती. हात उचलला आणि वर्षभरानंतर माझी माशी मला दिसली, टोकाच्या ओरखड्यासकट. गोळी नेहमीसारखी वर चढली. माझीच.

माझ्या माशीपुढे चार बोटांवर काहीतरी काळे, धूसर, थांबलेले असते. आजही असते. मेणाचा वास येतो. मी तिकडे पाहत नाही. नजर माशीवर ठेवते.