पाण्यातली फुगडी

"मावशी, तुमाला सोताला पवता येतं का हो?"

विचारलं एकदाचं! कोमलच्याने, म्हणजे माझ्याच्याने, हे होणारच नाही, अशी आफिफा आणि वैष्णवीने माझ्याशी पैज लावली होती. गेल्या उन्हाळ्यात लावली असती तर जिंकल्याही असत्या. तेव्हा मी दुकानात चहापत्ती मागतानासुद्धा पुटपुटायचे. पण आता मी तलावाच्या खोल बाजूने उडी मारते, मग प्रश्नाला काय घाबरायचं?

आशामावशी काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. हातात लांब बांबू, गळ्यात शिट्टी, पदर कमरेला खोचलेला. आमची अख्खी बॅच त्यांच्याकडेच पोहायला शिकली, आणि त्यांना पाण्यात उतरलेलं मात्र कुणीच पाहिलं नव्हतं.

मावशींनी तोंडातली शिट्टी काढली. "येत व्हतं," त्या म्हणाल्या.

"येत व्हतं म्हंजी? पवणं काय इसरत असतं का?"

"लई टरटर करून राहिली गं तू! चला, फुगडी!"

तर ही फुगडी म्हणजे काय ते सांगते. आमचा तलाव हिंगोलीच्या बाहेर, औंढ्याच्या रस्त्याला आहे. मुलींची बॅच दुपारची. शिकवायला आधी एक मॅडम होत्या, पण त्यांचं लग्न झालं आणि त्या गेल्या. मावशींचं काम म्हणाल तर जाळीने पाण्यावरची पानं काढायची आणि आमच्या कपडे बदलायच्या खोलीपाशी बसायचं. मॅडम गेल्यावर आम्ही कडेचा दांडा धरून, खुराड्यातल्या कोंबड्यांसारख्या ओळीने उभ्या राहिलो. मावशींनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पंचमीला फुगड्या खेळता ना गं? मंग हितं काहून खांबावानी हुब्या?"

कमरेएवढ्या पाण्यात दोघींनी हात धरायचे, मागे रेलायचं आणि गिरकी घ्यायची. पाय आपोआप वर येतात! आपण काहीच करत नाही, पाणीच उचलतं. मग एक हात सोडायचा, मग दुसरा. तरंगायला आम्ही अशा शिकलो. पाण्याखाली श्वास धरायला अळीमिळी गुपचिळी. सगळ्यांनी डोकी बुडवायची, जी आधी हसून वर आली ती हरली. वैष्णवी रोज हरते. आणि हात कसे हलवायचे? "सुपानं पाखडल्यावानी गं, चापट्या मारल्यावानी न्हाई!"

एकट्या आफिफालाच हात सोडणं जमत नव्हतं. ती पाण्यात यायची तीच मुळी मोठ्या मिनतवारीने. तिच्या अम्मीने, नजमुन्निसाचाचींनी, तिला गळ्यापासून घोट्यापर्यंतचा काळा पोशाख स्वतः शिवून दिला होता. अब्बा स्कूटरवर आणून सोडायचे, पण एका अटीवर. शिकवायला बाई आहे तोवरच.

त्या दिवशी फुगडीत माझी जोडीदार आफिफाच होती. गिरकी घेता घेता तिची बोटं सैल पडली. मला वाटलं घसरली. बघते तर काय, बाईसाहेब पाठीवर तरंगतायत! क्षणभरच, पण तरंगली.

"छोड दिया मैंने! कोमल, देखी क्या? छोड दिया!"

मावशी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होत्या. नेमके तेव्हाच तलावाचे व्यवस्थापक हरिचंदसर आले.

"आशाबाई, सोमवारपासून नवा नियम हाय. बॅचवर जो असंल त्याला पाण्यात उतरून बुडणाऱ्याला काढता आलं पायजे. रविवारी तुमी दाखवा. न्हाई तर पोरींची बॅच नेमसिंगसर घेतील."

नेमसिंगसर मुलांना शिकवतात. चांगले आहेत, ओरडत नाहीत. पण ते पुरुष आहेत आणि तेवढ्यानेच आमची निम्मी बॅच घरी बसणार होती. सगळ्यांत आधी आफिफा.

"मी न्हाई उतरत, सर," मावशी म्हणाल्या आणि जाळी घेऊन निघाल्या.

मी सोडते होय! ओल्या अंगानेच मागे धावले. "काहून, मावशी?"

मावशी जाळीतली पानं झटकत राहिल्या. मग म्हणाल्या, "कनेरगावकडं आमच्या मळ्यात हीर व्हती. भावांसंगं उड्या हाणायची मी. त्ये तरंगाया पाठीला डबा बांधायचे, मी न्हाई. येक दिवस आजी म्हनली, आता तू मोठी झाली, बास. म्हंजी बास."

"आन् लग्न झाल्यावर?"

"सासरी कोन इचारतं, सूनबाई, पवता येतं का म्हणून? भाकरी येती का, रान निंदाया येतं का, ते इचारलं. तुज्याबिगर कुनी इचारलंच न्हाई बघ."

गेल्या उन्हाळ्यातली मी असते तर तिथूनच मागे फिरले असते. पण मी आता अशी गप्प बसणारी राहिलेले नाही. "मंग मी इचारलं ना आता! उतरा."

"साडीवर? साडी चालत न्हाई हितं. आन् तुमच्यासारखे कपडे घालून लोकाम्होरं येऊ मी?"

"अम्मी सी देंगी," मागून आफिफा म्हणाली. "मेरे जैसा. कुछ नहीं दिखता."

चाचींनी खरंच शिवला. माप घ्यायला मावशींना मी आणि आफिफाने ओढतच नेलं होतं. मावशी पोट आत ओढून अशा ताठ उभ्या राहिल्या की चाची म्हणाल्या, "अजी सांस तो लो! माप ले रही हूं, जान नहीं."

रविवारी मावशी खोलीतून बाहेर आल्या त्या काळ्या पोशाखावर टॉवेल गुंडाळूनच. नेमसिंगसर कुणी न सांगता पाठ फिरवून उभे राहिले. मावशींनी टॉवेल माझ्याकडे दिला. पायरीवर थांबल्या. पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि उतरल्या.

आणि पोहल्या की हो! शिस्तीतलं पोहणं नव्हतं ते. मान ताठ वर, गाल फुगलेले, पाय धबाधब, सगळ्या तलावात लाटा. पण गेल्या, पलीकडे हात लावला आणि परतही आल्या. आम्ही एवढ्या किंचाळलो की रस्त्यावरची माणसं कुंपणाशी थांबली.

"आता बुडणारं कोन?" हरिचंदसरांनी विचारलं.

अर्थात मी! खोल बाजूला जाऊन मी जिवाच्या आकांताने "वाचवा!" म्हणून ओरडले. वैष्णवी म्हणते की मी फारच नाटकी बुडते. मावशी आल्या आणि त्यांनी सरळ माझी वेणी धरली.

"आई गं! मावशी, केस!"

"हिरीत केसालाच धरतेत! गप बूड!"

थोडं अंतर ओढलं त्यांनी. मग त्यांचा श्वास मोठमोठ्याने ऐकू यायला लागला, वेणीवरची पकड सुटली आणि आम्ही दोघी खाली गेलो. माझ्या नाकातोंडात पाणी. वर आलो तेव्हा समोर बांबू होता, मावशींचाच, आणि तो नेमसिंगसरांनी धरला होता.

हरिचंदसर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "पवता येतं, आशाबाई. पन काढता येत न्हाई अजून. उद्या खरंच एखादं लेकरू बुडालं तर?" मग तेच पुढे म्हणाले, "शाळा उघडायच्या आत परत बघू. तवर पोरी नेमसिंगसरांकडं."

"मी काठावरून शिकवतो त्यास्नी," नेमसिंगसर म्हणाले. "सकाळी, पोरं यायच्या आधी. पन रोज कुनीतरी बुडणारं लागंल, सर. नुसत्या हवेला काय ओढतेल?"

मावशी हसल्या. "माझ्यापायी रोज कोन बुडंल?"

आफिफाचे अब्बा, जलालुद्दीनचाचा, तिला घ्यायला आले. सोमवारपासून नेमसिंगसर शिकवणार, हे त्यांना कळलंच होतं. ओल्या कपड्यांची पिशवी छातीशी धरून आफिफा स्कूटरवर बसली आणि वळणापर्यंत आमच्याकडे बघत राहिली.

हळूहळू सगळे गेले. मावशी मात्र पाण्यातच होत्या. पाठीवर, डोळे मिटून, दोन्ही हात संथ पाखडत.

"मावशी, चला ना. संपलं."

"थांब जराशी. कान पाण्यात गेले की कुनाचंच ऐकू येत न्हाई, कोमे."

मी टॉवेल घेऊन काठावर बसून राहिले. त्या आपणहून बाहेर आल्या तेव्हा बोटं पार सुरकुतली होती. त्यांनी पोशाख पिळला, दोरीवर नीट पसरून वाळत घातला, साडी नेसली आणि जाळी घेऊन पानं काढायला लागल्या.

घरी आले तर पप्पा जेवायला बसले होते. पप्पा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात. त्यांनी गणिताच्या सरांच्या हातापाया पडून मला सकाळच्या ट्यूशनला जागा मिळवली होती. दहावीचं वर्ष ना. आईने माझं ताट वाढलं आणि म्हणाली, "उद्यापासून लवकर उठायचं हाय, ध्यानात हाय ना?"

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं.

"पप्पा, आई, मी ठरवलंय. गणित मी संध्याकाळच्या बॅचला करीन, बराबर करीन. पन सकाळी मला जमणार न्हाई. आशामावशी मला वर काढंपर्यंत मी रोज बुडायला जाणार हाय."