खाणीच्या दाराशी मी पाहिलेलं

मित्रांनो, मी वेस्ट व्हर्जिनियातल्या एका टीव्ही केंद्राचा जुना कॅमेरा आहे. आता संग्रहालयात दोरीच्या आत उभा असतो. एके काळी मला हलवायला चार माणसं लागत, आणि माझ्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळे.

माझ्याआधी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रेल्वेच्या शेवटच्या डब्यात उभे राहून भाषणं करायचे. घसा बसायचा, तोंडावर काजळी यायची, खालून एखादा म्हातारा आडवा प्रश्न विचारून फजिती करायचा. मी आलो आणि लोक घरी बसून उमेदवार पाहू लागले. तो काय बोलला यापेक्षा कसा दिसला याचीच चर्चा होऊ लागली. वाढलेली दाढी, कपाळावरचा घाम, मी काहीच सोडत नसे. माझ्यापासून काही लपत नाही, असा मला गर्व होता.

मग सिनेटर लोरिंग प्रचाराला आले. आमच्याकडच्या खाणीत तेव्हा पाणी शिरलं होतं. थेल्मा कोवाच खाणीच्या दाराशी उभी होती, कारण तिचा नवरा अँडी आत अडकला होता. लोरिंगनी तिचा हात हातात घेतला आणि तिच्याकडे नव्हे, थेट माझ्याकडे पाहत म्हणाले, "बाई, मोठे पंप आजच इथे पोचतील. मी स्वतः बघतो." त्यांचा आवाज भरून आला होता.

चित्रण थांबलं. लोरिंगनी तिचा हात सोडला आणि स्वतःचा हात रुमालाला पुसला.

"साहेब, पंप कुठून येणार?" थेल्मानं विचारलं.

"टाय सरळ होता ना रे?" ते आपल्या माणसाला विचारत होते.

मला चालवणारा एमेट तिथेच होता. "साहेब, बाई काहीतरी विचारतेय," तो म्हणाला. तोवर गाडीचं दार लागलं होतं.

हे सगळं माझ्यासमोर घडलं, पण मी बंद होतो. बंद कॅमेऱ्याची साक्ष कोण काढणार?

पंप आले नाहीत. अँडीही आला नाही. हातात हात घेतलेलं ते दृश्य मात्र मतदानापर्यंत देशभर दाखवत राहिले, आणि लोरिंग राष्ट्राध्यक्ष झाले.

पुढच्या वर्षी थेल्माला मुलाखतीसाठी माझ्यासमोर बसवलं. आता ही खरं काय ते सांगेल, म्हणून मी आतुर झालो होतो.

"फार मोठ्या मनाचा माणूस," ती म्हणाली. "शेवटपर्यंत माझा हात सोडला नाही त्यांनी."

चित्रण संपल्यावर एमेट तिच्याजवळ गेला. "थेल्मा, अगं, तू तिथंच होतीस की."

"होते ना," ती शांतपणे म्हणाली. "आणि टीव्हीवरही कितीदा पाहिलंय."

मित्रांनो, ती खोटं बोलत नव्हती. तिची आठवण मी खाऊन टाकली होती. त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटते. म्हणून हात जोडून सांगतो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं जिवापाड जपा. ते माझ्या स्वाधीन करू नका. मी ते जसंच्या तसं परत देत नाही.