उल्काची गिरकी

पाटोद्याच्या बाजारात हल्ली मंजुषाला कुणीही थांबवून विचारायचं, "ती उल्का तुमच्याच घरातली ना?" मंजुषा मान डोलवायची, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची आणि पुढं निघायची. एकदा चप्पल शिवणाऱ्यानंही हेच विचारलं. त्या दिवशी ती शिवायला दिलेली चप्पल न घेताच घरी आली.

उल्का म्हणजे 'भिडंत' नावाच्या मोबाइलवरच्या गेममधली पोरगी. गेमच्या पहिल्या दोन भागांत नुसते बाप्येच एकमेकांना हाणायचे. तिसऱ्या भागात ही आली. लाल पोशाख, कमरेला काळा पट्टा, आणि गिरकी घेऊन अशी लाथ मारायची की समोरचा पहिलवान आडवाच. तालुक्यातल्या पोरापोरींना तिनं वेड लावलं होतं. आणि तिचं धावणं, वाकणं, मारणं, सगळं मंजुषाच्या आत्तेबहिणीच्या, स्वप्नालीच्या अंगावरून घेतलेलं होतं.

स्वप्नालीचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात. पोरीची शाळा बुडू नये म्हणून रामप्रसादमामानं, म्हणजे मंजुषाच्या वडिलांनी, तिला लहानपणीच आपल्या घरी आणलं होतं. दोघी एका खोलीत झोपायच्या, एकाच शाळेत जायच्या आणि संध्याकाळी बद्रीनाथ सरांकडं वुशू शिकायला जायच्या. वुशूत लाथा असतात, ठोसे असतात, आणि जमलं तर समोरच्याला उचलून गादीवर आपटायचं असतं. मंजुषा वर्षानं मोठी आणि खेळात कायम पुढं. स्वप्नालीनं तिला कधीच हरवलं नव्हतं. हे इतकं ठरलेलं होतं की त्याचा आनंद मानायचंही मंजुषाच्या ध्यानात राहत नसे.

बीडच्या स्पर्धेला पुण्याची गेमवाली माणसं आली होती. त्यांना नव्या भागासाठी लढणारी मुलगी हवी होती. फायनल दोघी बहिणींचीच झाली. मंजुषानं स्वप्नालीला दोनदा आपटलं आणि सुवर्णपदक गळ्यात घातलं. पुढच्या आठवड्यात पुण्याहून फोन आला तो स्वप्नालीसाठी.

"नाव चुकलं असंल त्यांचं," मंजुषा आईला म्हणाली.

आई भाकरी थापत होती. "चुकू दे की. घरातच आलंय ना?"

मंजुषानं गच्चीवर जाऊन त्याच नंबरला फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "निळ्या जर्सीतली नाही, लाल जर्सीतली मुलगी हवी आम्हाला."

"मॅडम, लालवाली हरली व्हती."

"हो, तीच."

मंजुषानं फोन ठेवला. आपण असा फोन केला होता हे तिनं कुणाला सांगितलं नाही. रामप्रसाद स्वप्नालीला घेऊन पुण्याला निघाला तेव्हा पोट दुखतंय म्हणून ती अंथरुणातून उठलीही नाही.

गेम आला तेव्हा मात्र तिनं तो सगळ्यांच्या आधी उघडला. उल्का पडद्यावर आली, पुढं सरकली, डाव्या पायावर एक बारीकशी उडी घेतली आणि गिरकी मारून लाथ घातली. मंजुषानं तीच लाथ परत मारून बघितली. ती बारीक उडी तिची स्वतःची होती. सरांनी ती मोडायचा खूप प्रयत्न केला होता, पण लागलेली सवय गेली नव्हती. तिचं बघून बघून स्वप्नालीही तशीच उडी घ्यायला लागली होती.

"ती लाथ माझी हाय," तिनं क्लासमधल्या मुलींना सांगितलं.

त्या हसल्या. "मंग उल्काचं बाकी काय ठिवलंस सपीला?"

त्यानंतर मंजुषानं तो विषय काढला नाही. पण शेजारच्या अंथरुणावर स्वप्नाली शांत झोपलेली दिसली तरी ती भिंतीकडं तोंड फिरवायची. स्वप्नालीला नवे बूट मिळाले, की मंजुषाला आपले बूट जुने दिसायचे. आईनं स्वप्नालीच्या पानात आधी वाढलं, की तिची भूक मरायची. स्वप्नाली तिला अजून तशीच 'ताई' म्हणायची. तेही तिला आता सहन होत नव्हतं.

मग शाळेनं स्वप्नालीचा सत्कार ठेवला. शाल आणि नारळ देऊन झालं. आमदारकीला उभं राहू पाहणारे एक पुढारी बराच वेळ बोलले. स्वप्नालीच्या आईबापांनी साखर कारखान्यावरून मोबाइलवर कार्यक्रम पाहिला. शेवटी बद्रीनाथ सर म्हणाले, "आता आपली उल्का प्रात्यक्षिक दाखवील. मंजुषा, तू समोर उभी राहा. हळूच हां."

मैदानात गादी अंथरली होती. स्वप्नालीनं हसत गिरकी घेतली, तशी सगळी शाळा ओरडली, "उल्का! उल्का!" मंजुषाच्या कानात ते शिरलं. तिनं स्वप्नालीचा पाय हवेतच धरला, खांद्याखाली डोकं घातलं आणि सगळं बळ लावून तिला गादीच्या बाहेर आपटलं.

ओरडा एकदम थांबला. स्वप्नाली उठून बसली, पण तिचा उजवा हात लोंबकळत होता.

"प्रात्यक्षिक होतं, मंजुषा," सर एवढंच म्हणाले.

खांदा निखळला होता. डॉक्टरांनी तो बसवला, हात झोळीत बांधला आणि महिनाभर हलवायचा नाही असं सांगितलं. घरी मंजुषाला कुणी रागावलं नाही. रामप्रसाद दोन दिवस तिच्याशी बोललाच नाही, ते जास्त लागलं.

सकाळी आई शेतात गेली की स्वप्नालीची वेणी घालायचं काम मंजुषाकडं यायचं. तिसऱ्या सकाळी स्वप्नालीनं मान न वळवता विचारलं, "ताई, तू मुद्दाम पाडलंस ना?"

मंजुषाचा कंगवा थांबला. "हां."

"कावून?"

"ती गिरकी माझी हाय."

"हाय की. मी कवा न्हाई म्हणले? तिथं इचारलं तवा सांगितलं मी त्यांना, ताईचं बघून शिकले म्हणून." स्वप्नालीनं झोळीतला हात मांडीवर नीट ठेवला. "आता चौथ्या भागासाठी बोलावलंय. माझा तर हात असा. मी म्हणले, ताईला घ्या."

मंजुषानं परत कंगवा चालवला. तिनं वेणी इतकी घट्ट घातली की स्वप्नाली "आई गं" म्हणाली. माफी मागायची होती, ती तशीच राहिली.

पुण्यात तिच्या अंगात ठिपके चिकटवलेला काळा पोशाख चढवला. चहूबाजूंनी त्या ठिपक्यांची हालचाल टिपणारे कॅमेरे होते. तिनं लाथ मारली, ठोसे मारले, गिरकी घेतली. फोनवरची तीच गोड आवाजाची बाई टाळ्या वाजवत म्हणाली, "फारच सुंदर! आता पडा."

"म्हंजी?"

"कुणीतरी लाथ मारली असं समजून पडा आणि उठा."

मंजुषा पडली. पडताना तिनं दोन्ही हात टेकवले. पुन्हा पडली, तर अंग लाकडासारखं ताठ. दुपारपर्यंत ती पडतच होती आणि दर वेळी आपण नाटक करतोय हे तिचं तिलाच कळत होतं. शेवटी बाईनं तिला स्वप्नालीचं जुनं रेकॉर्डिंग दाखवलं. स्वप्नाली पाण्यासारखी खाली सांडायची आणि त्याच ओघात उभी व्हायची. उठताना नजर सरळ समोरच्यावर.

"बीडच्या फायनलला ही अशी उठली, म्हणून आम्ही हिला घेतलं," बाई म्हणाली. "जिंकणाऱ्या मुली आम्हाला पुष्कळ भेटतात."

मंजुषा पडद्याकडं बघत राहिली. तिला पाडणारी आजवर कुणी भेटलीच नव्हती, मग उठायला ती शिकणार कुठून? कुणाच्या हरण्याचाही आपल्याला इतका हेवा वाटेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

बाईनं तिच्या लाथांचं रेकॉर्डिंग ठेवून घेतलं आणि पडण्यासाठी स्वप्नालीचा हात बरा होईपर्यंत थांबायचं ठरवलं.

स्वप्नालीच्या हाताची झोळी सुटली त्या संध्याकाळी क्लास संपल्यावर मंजुषा गादीवरच थांबली.

"मला पाड," ती म्हणाली.

"हात दुखतोय की अजून."

"मंग पायानं पाड."

स्वप्नालीनं तिच्या पायात पाय घालून ओढला. मंजुषा कोपरावर आदळली आणि कळवळली. स्वप्नालीला हसू फुटलं.

"हसू नकोस, सपे."

"तसं न्हाई, ताई. मान आत घे. जमिनीला धरायला जायचं न्हाई, सोडून द्यायचं अंग."

दुसऱ्या वेळी डोकं आपटलं. तिसऱ्या वेळी पाठ.

"न्हाई जमलं," स्वप्नाली म्हणाली.

"कळतंय मला," मंजुषा चिडून म्हणाली आणि तिच्यासमोर उभी राहिली. "परत पाड."