आईच्या तोंडावरचा हात

मी कॅमेऱ्याची लेन्स बोलतेय. पन्नास एमएमची, मुठीत मावणारी. दचकू नका, दचकायचं काम माझ्याकडे आहे. झाकण काढताना 'टक' झालं तरी माझ्या काचा आतल्या आत शहारतात.

कारखान्यात मला घासूनपुसून डब्यात बंद केलं. डबा उघडला तो थेट एका दातांच्या डॉक्टरच्या हातात. तिला फोटोंचा भारी नाद! पण तिच्या बॅगेत आधीच एक झूम लेन्स होती, लांबलचक, वजनदार. मी तिला झूमकाकू म्हणते. काकू जागच्या जागी राहून डोंगरावरची शेळी जवळ आणतात. मला नाही जमत. माझ्यासाठी मालकिणीनेच चालत पुढे जायचं, चालत मागे यायचं.

"अगं, हा कॅमेरा आहे की व्यायामाचं यंत्र?" तिच्या आईने विचारलं होतं.

मायलेकी प्रवासाला निघाल्या तेव्हा मालकिणीने जाहीर केलं, "आईचा हसरा फोटो जिच्यातून येईल ती लेन्स ठेवणार. दुसरी देऊन टाकणार." झालं! उजेड आत सोडणारी माझी पाती लटलटायला लागली.

कारण आई हसली की हात तोंडावर. पुढच्या दोन दातांत फट होती ना! लेकीने कितीदा म्हटलं, "बुजवून देते." आईचं उत्तर ठरलेलं, "माझ्या आईलाही होती. असू दे." असू दे म्हणायचं आणि झाकायचंही! घरातल्या एकाही फोटोत आईचं हसू नाही, नुसता पंजा.

त्यात मालकीण समोरच्याकडून पोझ घ्यायला नुकतीच शिकत होती, आणि बोलायची दवाखान्यातलंच. "हनुवटी वर. सैल सोडा. अजिबात दुखणार नाही."

आई ताठ. "दुखणार नाही म्हणालीस की मला जास्तच भीती वाटते!"

काकूंनी लांबून टिपायचा प्रयत्न केला. पुलावर पंजा. बाजारात पंजा. हॉटेलच्या गॅलरीत तर दोन्ही पंजे. मला आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू?

शेवटच्या दिवशी चौकातल्या कारंज्यापाशी काकू उतरल्या आणि मी कॅमेऱ्यावर चढले. पोझ देणाऱ्याचे हात मोकळे ठेवू नयेत, त्यांना काम द्यावं, एवढं मालकीण शिकली होती. तिने काकूंनाच आईच्या हातात दिलं.

"दोन्ही हातांनी धर. पाडलीस तर बोलणार नाही तुझ्याशी."

आईने काकूंना तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं. चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा.

मालकीण मागे सरकली. "मान जरा तिरकी." अजून मागे. मला बापडीला पुढचंच दिसतं, मागचं कुठून कळणार?

"अगं, मागे..."

"बोलू नकोस गं आई, ओठ हलतात!"

धप्प!

मालकीण कारंज्यात, कमरेपर्यंत पाण्यात! मी वर, तिच्या उंचावलेल्या हातांत. आणि समोर आई हसली. खदाखदा, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. हात सवयीने वर निघाला, काकूंसकट, आणि अर्ध्यावरच थबकला. काकू पडल्या तर?

मालकिणीने बसल्या बसल्याच मला डोळ्याला लावलं. क्लिक!

"पुसून टाक तो फोटो!" आई ओरडली. मग वाकून तिने स्क्रीन पाहिला. "माझी आई अश्शीच हसायची गं," एवढंच म्हणाली.

फोटो आता दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीसमोर आहे. तो आला माझ्यातून, पण आईचे हात अडवले काकूंनी, म्हणून दोघीही राहिलो. फोटोत काकू दिसतात, मी नाही. चालायचंच! ते हसू सगळ्यांत आधी मी पाहिलं.

माझ्या काचेच्या कडेला कारंज्याच्या पाण्याचा एक ठिपका राहिलाय. कृपा करून शर्टाच्या टोकाने पुसू नका. आणि फोटो काढताना कुणी "अगं, मागे..." म्हणालं, तर ऐकत जा. किंवा एखाद्या वेळी, नका ऐकू!