ओठावरचा कण

भिंगरीच्या वरच्या ओठावर, डाव्या कोपऱ्यात, साखरेचा एकच कण होता. खिडकीतलं ऊन सरकलं तसा तो चमकला, आणि डॉक्टरीणबाईंनी हातातली सुई खाली ठेवली.

पोट रिकामं राहिलं की भिंगरी गळून जायची. एका सकाळी तर उठेचना. आजार जन्माचा, एवढं नक्की. पण कोणता? एक संशय असा, की शरीर साठवलेली साखर वेळेवर सोडत नाही. मग कच्चं मक्याचं पीठ पाण्यातून पाजत राहायचं; ते पोटात हळूहळू साखर पुरवतं. दुसरा असा, की साखर आणि फळंच तिला विष. जनुकांचा अहवाल सांगत होता, "बदल आढळला, अर्थ अनिश्चित." म्हणून गोड बंद झालं, आणि वॉर्डात उपाशी ठेवून रक्त तपासायचं ठरलं. दर वेळी रक्त ठणठणीत निघे. "पुन्हा बघू," डॉक्टरीणबाई म्हणत, आणि घरचे पुढची सकाळ जीव मुठीत धरून काढत.

"साखर कोणी दिली?"

सगळे छताकडे बघू लागले.

"मी नाही बाई," आजी म्हणाली. "मी फक्त बिस्कीट दिलं. तेही अर्धं."

"आई!" भिंगरीचे बाबा ओरडले.

"ओरडू नकोस. तुझ्या मोज्यातून चॉकलेट निघालं, ते बघितलंय मी."

आईने कपाळावर हात मारला. "अहो, मोज्यातून?"

"धुतलेला होता."

"कपाळ नंतर बडव, सूनबाई. उशीच्या अभ्र्यातली साखरेची पुडी कोणाची?"

आईने उशी पाठीमागे सरकवली.

"तिघांनीही सांगितलं, कोणाला सांगू नकोस," भिंगरी खुशीत म्हणाली. "घरी पण रोज सांगतात."

"रोज?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "मग उलट्या? पोटदुखी?"

"छे! अजून मागते," आजी म्हणाली.

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. रागवायचं होतं, पण ओठ ऐकेनात. "अहो चोरांनो, साखर विष असती तर तुमच्या मायेने पोरीचा केव्हाच घात केला असता. दुसरा संशय तुम्हीच निकालात काढलात. आणि उपाशी पोरीचं रक्त ठणठणीत का निघायचं, तेही कळलं."

"म्हणजे पहिलाच आजार?" आईने विचारलं.

"सांगता येत नाही. एखादा तिसराही असेल."

"म्हणजे पुन्हा बघू," आई हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या ओठावरचा कण बोटाने टिपला.

"नाही. नाव सापडेल तेव्हा सापडेल. उपाशी राहिली की गळते, एवढं पुरे. मक्याचं पीठ आजपासून सुरू."