शेवटच्या बांधीचं पाणी

भोजराजने राजीनामा द्यावा, यावर गावाचं कधी नव्हे ते एकमत झालं होतं. जुन्या सरपंचाची मुदत संपलेली. साकोलीहून नेमलेला प्रशासक सहीपुरता येऊन जायचा. निवडून आलेली साधना सोमवारी खुर्चीवर बसणार होती. नेमक्या या मधल्या दिवसांत भोजराजने तलावाचं दार बंद केलं आणि चावी कमरेला लावली. पाणीवाटप समितीचा अध्यक्ष तो. धान पोटरीवर आलेलं, पावसाने पाठ फिरवलेली, आणि हा बाबा तलावात पाणी असून सोडत नाही. सोमवारच्या सभेत याला काढाच, असा वीरेंद्रने धोशा लावला होता. चार माणसं दिसली की तो तिथे हजर.

तुलारामही हात वर करणार होता. त्याची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, पाट जिथे संपतो तिथे, सगळ्यांच्या शेवटी. तिला भेगा पडायला लागल्या होत्या. आता पाणी मिळालं नाही तर लोंबी पोचट निघणार, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

पण तुलारामला एक खोड होती. एखादी गोष्ट समजली नाही की त्याला जेवण गोड लागत नसे. रविवारी तो तलावाकडून येताना भोजराजच्या बांधीपाशी थांबला. ही बांधी तलावाला लागूनच. दार बोटभर उचललं तरी पहिलं पाणी इथेच येणार. तुलारामने वाकून माती चाचपली. कोरडी ठणठणीत. धानाच्या पात्यांची सुरळी झालेली. माणूस दुसऱ्याचं पाणी अडवतो ते स्वतःसाठी. याने तर स्वतःचंही अडवलं होतं. मग कोणासाठी?

भोजराज तलावाच्या बांधावर पळसाच्या सावलीत बसला होता. तुलाराम शेजारी टेकला आणि सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी पुढे केली.

"उद्या मी तुह्याविरुद्ध हात वर करनार आहो."

"कर ना. तुही बांधी सुकून राहिली."

"तुही काहून सुकून राहिली, थे सांग."

भोजराजने खर्रा तोंडात टाकला आणि काठीने तलावाकडे दाखवलं. दाराच्या उंबऱ्यावर जेमतेम हातभर पाणी उरलं होतं. एवढं सोडलं तर कुठवर जाईल, त्याने विचारलं. तुलाराम मनातल्या मनात पाटाने चालत गेला. आधी भोजराजची ही बांधी, मग वीरेंद्रच्या बांध्या, मग त्याच्या चुलत्याच्या, मग वडाचं वळण. वळणापुढे पाणी काही गेलं नाही.

आणि मग त्याला आठवलं. तो नवा नवा नांगर धरत होता, तेव्हा असंच एक कोरडं साल आलं होतं. त्या साली पाणी शेवटून दिलं होतं. आधी शेवटची बांधी, मग तिच्या वरची, असं करत करत तलावापर्यंत. वरच्या बांध्यांची तोंडं चिखलाने बुजवायची, आणि ती कोणी फोडू नये म्हणून सरपंचाने स्वतः पाटावर उभं राहायचं. गावाची रीतच होती ती. पुढे तलाव भरत गेले आणि रीत डोक्यातून गेली.

"सरपंच नाही तं पाटावर कोन उभा राहील?" भोजराज म्हणाला. "माह्या एकट्याचं कोन ऐकते?"

"मंग लोकायले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं वरच्यायनं दारच तोडलं असतं."

साधना उभी राहील का, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. ती वीरेंद्रची भावजय. एकाच घरचं शेत.

सोमवारी सभेत वीरेंद्रने विषय काढला आणि भराभर हात वर झाले. तुलारामचाही झाला. हात तसाच ठेवून तो उठला.

"राजीनामा घ्या," तो म्हणाला. "पन आधी शेवटून पानी देऊ द्या, मंग घ्या."

वीरेंद्र हसला. "बुढा पानी खालून वर चढवून राहिला." त्याच्याबरोबर बरेच हसले. तुलारामने जुन्या सालाची हकीकत सांगितली, तसे म्हातारे माना हलवू लागले, आणि खालच्या अंगाच्या लोकांचे हात एकेक करून मांडीवर आले. आता सगळे साधनाकडे पाहत होते. ती दिराकडे न बघता बोलली.

"सरपंचानं उभं कुठी राहाचं असते?"

"तुमच्याच बांधीच्या तोंडाशी," भोजराज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती तिथे उभी होती, पदर खोचून, डोक्यावर छत्री धरून. वीरेंद्र शेताच्या कडेला धुऱ्यावर पाठ करून बसला होता, पण चिखलाला त्याने हात लावला नाही. पाणी तिच्या पायांवरून पुढे गेलं, वडाचं वळण घेतलं, आणि तुलारामच्या भेगांत शिरताना बुडबुडे काढू लागलं. घोटाभर झालं तसं त्याने बांधीचं तोंड बुजवलं. रीतीप्रमाणे अजून घेता आलं असतं. पण वरच्या बांध्यांना पाणी पुरतं का, हे त्याला पाहायचं होतं.

वरच्या बांध्या एकेक करून भरत गेल्या, तसतसा पाटाच्या काठाने तो तलावापर्यंत चालत गेला. तलावाचं पाणी दाराच्या उंबऱ्याला टेकायला आलं होतं आणि भोजराजच्या बांधीची पाळी अजून यायची होती. भोजराजने कमरेची चावी काढून हातात घेतली होती.

"राजीनामा आताच देऊन टाकू का?" त्याने विचारलं.

"थांब जरासा," तुलाराम बांधावर बसत म्हणाला. "तुह्या बांधीत पानी येते का नाही, थे पयले पाहू दे."