मर्लचं नवं माप

मॉन्टानात सतरा वर्षं अर्ज टाकून टाकून मर्ल स्टॉर्डालला एकदाचा नर एल्कचा परवाना लागला. घोड्याच्या अंगाचं हे हरीण राहतं डोंगराच्या माथ्याशी. तेव्हा परवाना हातात आल्यावर मर्ल डोंगराकडे बघेल, अशी त्याच्या बायकोची, आर्डिसची, भाबडी समजूत होती. मर्ल तळघरात गेला.

दुकानातलं तयार काडतूस वापरणं म्हणजे मर्लच्या लेखी शिकारीचा अपमान. चाळीस वर्षं तो स्वतःची काडतुसं स्वतः भरत आला होता. पितळी नळकांड्यात मोजून दारू घालायची, वर गोळी दाबून बसवायची. दारू मोजायला त्याच्याकडे बिडाचं एक जुनं मापयंत्र होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं. पण एवढ्या मोठ्या परवान्याला जुनं माप शोभत नाही, असा साक्षात्कार त्याला झाला. मग आठवडाभर जेवणाच्या टेबलावर मापयंत्रांची माहितीपत्रकं पसरली. एकाचा दांडा जड, एकाची टाकी छोटी, एक विजेवर चालणारं आणि म्हणून बायकी. आर्डिसनं उभ्या उभ्या जेवण उरकलं. लग्नाच्या वेळी तिची निवड मर्लनं नाचाच्या एकाच संध्याकाळी केली होती, हे तिला त्या आठवड्यात वरचेवर आठवलं.

शेवटी यंत्र आलं. फिरकीवर केसाएवढ्या बारीक रेघा होत्या. दांडा वर-खाली केला की खाली वाटीत दारू पडे, आणि फिरकी फिरवली की ती कमी-जास्त होई. आता मर्लची आवडती दारू लांबट दाण्यांची. दाणे कधी आडवे पडतात, कधी उभे, त्यामुळे दर खेपेला दोन-चार दाण्यांचा फरक राहणारच. अख्ख्या खोऱ्याला हे ठाऊक आहे. म्हणून लोक दहा मापं टाकतात, एकत्र तोलतात, दहानं भागतात आणि मगच फिरकीला हात लावतात. मर्ल एक माप टाकी, तोली आणि फिरकी फिरवी. दुसरं जास्त भरे. की फिरकी उलटी.

ऑक्टोबर सरता सरता शिकारीचा हंगाम उघडला. हंगाम पाच आठवड्यांचा. पहिला आठवडा फिरकीत गेला. दुसऱ्या आठवड्यात दोष घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा निघाला, तिच्या गरम झोतानं म्हणे तराजू डुलतो. भट्टी बंद झाली आणि आर्डिस कोट घालून स्वयंपाक करू लागली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या पावलांनी तळघराचं छत हादरायला लागलं. मग ती कोट घालून नुसती बसून राहिली.

चौथ्या आठवड्यात शेजारच्या जोनेलचा नवरा, क्लीट, डोकावला. यंत्राला प्रदक्षिणा घालून त्यानं अक्कल शिकवली, "अरे, दहा टाक, एकत्र तोल, भागाकार कर. फिरकी सोड आता, बिचारी झिजेल." सतरा वर्षांनी संधी मिळालेल्या माणसानं अंदाजपंचे काम करायचं नसतं, असं मर्लनं त्याला सुनावलं. क्लीट खांदे उडवून निघून गेला.

जानेवारीत मर्लच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर डोंगर विसरा, असं डॉक्टरनं बजावलं होतं. परवान्यांच्या दर सोडतीच्या आधी मर्ल आर्डिसला म्हणायचा, नंबर लागला की आपण दोघं वर जाऊ. तिनं ते सतरा वेळा खरं मानलं होतं. यंदा तिनं नवे बूट घेतले होते आणि ते दाराशी कोरे करकरीत पडून होते. तिला फार वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता.

थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की खाऊन झाली. शनिवार उजाडला, हंगामाचा शेवटून दुसरा दिवस. आर्डिस हार्डवेअरच्या दुकानात गेली, तयार काडतुसांचं खोकं आणलं आणि तळघरात तराजूशेजारी ठेवलं. मर्लनं उंदीर बघावा तसं त्याच्याकडे बघितलं.

"हे कुणासाठी?"

"उद्यासाठी. तुझ्या मापात काही खोट नाही मर्ल. तू घाबरलायस."

मर्लचा हात फिरकीवरच होता. त्यानं ती एक रेघ पुढे नेली, एक रेघ मागे आणली.

"वर गेल्यावर गुडघ्यानं दगा दिला तर?" तो म्हणाला. "तुझ्यासमोर?"

"तर मी तुला खाली आणीन. एल्कपेक्षा हलकाच आहेस तू."

दुपारी खडीच्या खाणीत दोन गोळ्या झाडून त्यानं नेम जुळवून घेतला. रविवारी पहाटेच दोघं निघाली. चढायला पाच तास लागले, त्यातले दोन मर्लनं शिव्या देण्यात घालवले. माथ्याखालच्या मोकळ्या उतारावर तो नर उभा होता. एक गोळी, बस. आर्डिसला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. मर्लनं रिकामं नळकांडं मात्र लगेच खिशात लपवलं.

सोमवारी गॅरेजात दोघं मांस कापत होती तेव्हा क्लीट आला. शिंगं बघून त्यानं टोपी काढली. दारू किती घातली होतीस, त्यानं विचारलं. मर्लनं क्षणभरही न अडखळता सांगितलं, दशांशासकट. क्लीटनं ते वहीत उतरवून घेतलं. मादीच्या साध्या परवान्यावर चार वर्षं त्याला एकही एल्क मिळालं नव्हतं, त्यामुळे स्वतःचा भागाकार तो साफ विसरला होता. ते नवं माप थोडे दिवस मिळेल का, असं त्यानं चक्क अजिजीनं विचारलं. पाच आठवडे ज्याच्यावर कुणाची सावली पडू दिली नव्हती, ते यंत्र मर्लनं दोन मिनिटांत टेबलावरून सोडवून त्याच्या हवाली केलं. फिरकी कशी फिरवायची तेही समजावलं. क्लीट ते तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून गाडीत बसला.

गाडी वळणाआड गेल्यावर मर्लनं हळूच विचारलं, "खरं सांगणारेस त्याला?"

"त्याला कशाला?" आर्डिस सुरीला धार लावत म्हणाली. "जोनेलला फोन करते. तिला सांगायला हवं, कोट बाहेर काढून ठेव म्हणून."